नोटांवरची हळद

शहादे,
ता. ११ नोव्हेंबर १९६४

प्रिय शांतीलाल यास,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही उघडलंस याबद्दल आभारी आहे.

गेले दोन महिने माझ्यावर एक घोर अन्याय चालू आहे आणि त्याची दाद मागायला या तालुक्यात जागा नाही. मला चहाबरोबर बशी मिळत नाही. सत्तेचाळीस वर्षांचा गृहस्थ, हायस्कुलातला मराठीचा शिक्षक, साप्ताहिकाचा सदर-लेखक, ज्याने जन्मात कधी कपाला थेट ओठ लावलेला नाही, तो रोज सकाळी वाफाळत्या कपासमोर हात जोडून बसतो, आणि चहा निवण्याआधी शाळेची घंटा होते. शेवटी परवा मी तुझ्या बहिणीला विचारलं.

"बशी कोठे शे?"

"फुटनी."

"कधी?"

"धुळ्याना कोर्टमा."

सरला लोणखेड्याची. तिला सख्खा भाऊ नाही म्हणून शेजारच्या घरातल्या तुला तिने सातव्या वर्षी राखी बांधली, आणि मानलेल्या भावाची बाजू सख्ख्या नवऱ्याविरुद्ध घ्यायची हा कायदा तिने तेव्हाच मंजूर केला असावा. भाऊबीज होऊन पाच दिवस झाले. तू आला नाहीस. पाट मांडलेला होता, तो अजून भिंतीला टेकवून ठेवला आहे, आणि येता-जाता माझ्या पायाला लागतो.

तर एकदा माझी बाजू ऐक.

दोन वर्षांपूर्वी कळसाडीच्या चुनीलालने तापीवर तेलाचं इंजिन बसवायची परवानगी मागितली. ओव्हरसिअरने सहीचे दीडशे रुपये सांगितले. (त्याचं आणि त्याच्या खात्याचं नाव मी लिहीत नाही. अशा लोकांना नाव घेतलेलं आवडत नाही, पैसे घेतलेले आवडतात.) चुनीलाल धुळ्याला तुमच्या ॲंटीकरप्शनच्या कचेरीत आला. तुमची जीप टायरच्या मंजुरीची वाट बघत विटांवर उभी होती, म्हणून तू ज्या खात्याच्या माणसाला पकडायचं त्याच खात्याची जीप मागून आणलीस आणि ड्रायव्हर दिलवरसिंगला सांगितलंस की सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे बघायचे आहेत. पंच म्हणून दोन कारकून ठरले होते. त्यातल्या एकाला ओव्हरसिअरचं नाव कळताच जुलाब सुरू झाले. मी जत्रेत भजी खात होतो. तू माझा दंड धरलास आणि म्हणालास, "दाजी, कायद्याने तुम्ही माझे कोणी लागत नाही. चला."

मी आलो. चुनीलालच्या ओसरीवर तू नोटांना ती खुणेची पावडर लावलीस. ओव्हरसिअरने त्या घेतल्या, सोड्याच्या पाण्यात त्याची बोटं बुडवली, पाणी गुलाबी झालं. पंचनामा झाला, मी सही केली. मग तुम्ही खटला भरायची परवानगी मागितली, आणि ती मागायची कोणाकडे? तर त्याच्याच साहेबांकडे. चौदा महिने त्यांनी विचार केला. ते चौदा महिने ओव्हरसिअर त्याच खुर्चीत बसून त्याच सह्या करत होता. मी यावर सदर लिहिलं ते तुलाही आवडलं होतं.

आवडलं नाही ते त्याच्या आधीचं. त्यात मी लिहिलं होतं की चुनीलालच्या जसोदाबाईंनी लाचेच्या नोटांनाही हळदकुंकू लावून त्यांची रीतसर पाठवणी केली. अख्खा तालुका हसला. आरोपीचा वकील हसला नाही, त्याने कात्रण ठेवलं. कोर्टात चिमूटभर हळद सोड्याच्या पाण्यात टाकून लाल करून दाखवली, जे धुणं धुणाऱ्या कोणत्याही बाईला माहीत आहे, आणि मला विचारलं, हे सदर तुमचंच? यातलं खरं आहे? मी म्हटलं, "आमच्या साप्ताहिकाच्या डोक्यावरच छापलंय, 'जे छापू ते खरे.'"

मग पाणी रंगलं ते पावडरीने की हळदीने? पंचनाम्यात हळद नाही, पंचाच्या लेखात आहे. ओव्हरसिअर सुटला. तुला तुमच्या खात्यातून मूळ पोलिसांत परत धाडलं आणि तिथून चांद्याला. मला वाईट वाटतं. पण मला प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. यात माझा गुन्हा कोणता, ते कळव.

तुझा,
पितांबर

ता. क. तिकडे थंडी असेल. सरलाने विणलेला गळपट्टा पाठवत आहे. त्यातली लोकर तेवढी माझी.

---

शहादे,
ता. २९ नोव्हेंबर १९६४

प्रिय शांतीलाल,

तुझं कार्ड आलं. सरलाला आलं. त्यात गळपट्ट्याचा आनंद, मेव्हणीच्या पोरीच्या लग्नाची चौकशी आणि तळाशी एकच ओळ माझ्यासाठी: "दाजींकडे माझं पेन राहिलं आहे." दोन महिन्यांनी माणूस मला एक ओळ लिहितो आणि ती जप्तीच्या नोटिशीसारखी. तुझ्या पेनाबद्दल मला काहीही माहीत नाही.

पण कार्डाच्या मधल्या भागात जे होतं ते सरलाने दोनदा वाचून दाखवलं. तुझ्यावर चौकशी लागली आहे. पंचनाम्यात हळद दडवली, म्हणजे खोटा पंचनामा केला. जानेवारीत धुळ्याला साक्षी होणार, तुला बोलावणार नाहीत, त्या साक्षींवरून ठरणार की तुला नोकरीवरून काढायचं की नाही. आणि चौकशीचा आग्रह कोणाचा, तर ज्यांना परवानगी द्यायला चौदा महिने लागले त्यांचा. चौकशीच्या मागणीचं पत्र मात्र त्यांनी आठ दिवसांत लिहिलं. हात बसलेला नसताना एवढा वेग, कौतुक आहे.

शांतीलाल, मी आता एक गोष्ट लिहितो. हे पत्र कोणाला दाखवू नकोस.

नोटांना हळद लागली नव्हती.

जसोदाबाई तबक घेऊन बाहेर आल्या, एवढं खरं. पण नोटांकडे त्यांनी बघितलंही नाही. त्या सरळ तुझ्यापुढे उभ्या राहिल्या. तू म्हणालास, "माय, मी सरकारी माणूस शे." त्या म्हणाल्या, "मंग काय झायं? चांगला कामले निंघना तू. कोरं कपाय लिसन उंबरा वलांडू नको." आणि तुझ्या कपाळाला बोट टेकवलं. तू लाजून कान लाल केलेस. नंतर नोटा धरायच्या आधी पुन्हा हात धुतलेस, तेही मी पाहिलं. सबंध धाडीत सरकारचा इन्स्पेक्टर हळदकुंकू लावून हिंडत होता.

हे छापलं असतं तर तुझी काय शोभा झाली असती, सांग. धुळ्यात तुला नवरदेव म्हटलं असतं. तुझ्या अब्रूसाठी मी ते बोट कपाळावरून उचललं आणि नोटांवर ठेवलं. हेतू वाईट नव्हता. आणि कोर्टात उभं राहिल्यावर, सगळ्यांदेखत, आपलंच साप्ताहिक खोटं छापतं असं कसं सांगायचं?

आता काय करायचं ते सुचत नाही. सरलाला यातलं काही सांगितलेलं नाही.

पितांबर

---

शहादे,
ता. २२ डिसेंबर १९६४

प्रिय शांतीलाल,

जत्रेला गेलो होतो. घोडे चांगले आले आहेत. भज्यांच्या दुकानावरून दोनदा फिरलो पण खाल्ली नाहीत, त्या जागी अजून कोणी दंड धरेल असं वाटतं.

तिथून कळसाडी काही लांब नाही, म्हणून गेलो. चुनीलालच्या ओसरीवर इंजिन उभं आहे, दोन वर्षांपूर्वी आणलेलं, गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधलेलं. ओव्हरसिअर सुटून खुर्चीवर परत आल्यापासून चुनीलालचा अर्ज सापडतच नाही. नदी शेतापासून हाकेच्या अंतरावर वाहते आणि कापूस आभाळाकडे बघतो. चुनीलाल मला बघून उठला आणि बैलांकडे निघून गेला. वयस्क माणसाने असं उठून जाणं, शांतीलाल, शिवी परवडली.

जसोदाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. शेंगा निवडत होत्या.

"या मास्तर. कागद-पेन्सिल आनं का? आज काय लिखशात?"

मी म्हटलं, माफी मागायला आलो.

"तुमी लिखं ते मन्ही सूननी माले वाची दाखाडं. गावमा बाया माले हसतीस. अहो, मी लाचना नोटासले कुंकू लावसू? लाच का मन्ही पोर शे, कुंकू लाईसन सासरे धाडाले?"

माझ्या सदराला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षांत एवढं चांगलं वाक्य मला जमलेलं नाही. ते मी टिपून घेतलं नाही, हे माझ्या बाजूने नोंदव.

मी विचारलं, "तुम्ही कोर्टात का नाही सांगितलं?"

"माले कोन इचारं? ह्यासले बलावं, तुमले बलावं. तबक मन्ह्या हातमा व्हतं, पन माले कोनीच नही इचारं."

हे खरं आहे. दोन पक्ष, दोन वकील, एक न्यायाधीश. हळद कोणी लावली यावर दोन दिवस वाद घातला, आणि जिने लावली तिला बोलवायचं कोणाला सुचलं नाही. मी म्हटलं, जानेवारीत धुळ्याला याल? त्या म्हणाल्या, "कपाशी येचनी शे. पन येसू. त्या पोऱ्याना कपायले मी बोट लायं, त्यानी नोकरी मन्ह्या बोटवर जावाले नको."

येताना रस्त्यावर दिलवरसिंग भेटला, तीच जीप घेऊन. मला ओळखून त्याने ब्रेक लावला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी साहेब गाडीत बसले तेव्हा कपाळावर कुंकू. मी विचारलं, साहेब घोडा बघायला चालले का नवरी? ते हसलेच नाहीत, तेव्हाच ओळखलं की घोडा काही घेत नाहीत."

"चौकशीत सांगशील? तू त्यांच्याच खात्यातला."

त्याने बराच वेळ काच पुसली. मग म्हणाला, "या जीपमध्ये कोण काय घेऊन बसतं ते सहा वर्षं बघतोय. एकदा कोणी कुंकू घेऊन बसलं होतं, एवढं सांगायला काय भ्यायचं?" पण पुसलेली काच तो परत पुसत होता.

आता मागच्या पत्रातलं एक वाक्य दुरुस्त करतो. मी लिहिलं होतं की तुझ्या अब्रूसाठी ते बोट उचललं. तसं नाही. कपाळापेक्षा नोटांवर ते वाक्य चांगलं वाजत होतं, म्हणून उचललं. आणि कोर्टात साप्ताहिकाच्या अब्रूसाठीही नाही. "डोक्यावरच छापलंय" म्हटल्यावर बाकं हसली, न्यायाधीशांच्या ओठांचा कोपरा हलला, आणि मी तुझ्याकडे पाहिलं ते तू हसलास का हे बघायला. तू फळ्यावरचं गणित चुकलेल्या पोराकडे बघतात तसा माझ्याकडे बघत होतास. ते मला कळलं, तरी हसू ओसरेपर्यंत मी गप्प राहिलो. आणि ते ओसरल्यावर उशीर झाला होता.

पितांबर

---

धुळे, धर्मशाळा
ता. १९ जानेवारी १९६५

प्रिय शांतीलाल,

साक्ष झाली. तुला कळवायला दुसरं कोणी नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

चौकशी अधिकारी मुंबईहून आलेले, सर्दीने हैराण, टेबलावर निलगिरीचं तेल. शेजारच्या खुर्चीत ओव्हरसिअरच्या खात्याचा एक साहेब बसलेला. तो का बसला होता ते त्याला कोणी विचारलं नाही. चहा त्याच्याच खात्यातून आला, बशीसकट. मी घेतला नाही.

अधिकाऱ्यांनी पंचनामा पुढे केला. "ही सही तुमची?"

"हो."

"यात हळद नाही."

"कारण नोटांवर नव्हती."

"मग कोर्टात तुम्ही खोटं बोललात?"

"हो."

शेजारचा साहेब खुर्चीत सरळ झाला. "साक्षीदाराला यातले परिणाम कळतात ना?" मी म्हटलं, व्याकरण शिकवतो, परिणाम चांगले कळतात. आणि लगेच जीभ चावली, कारण कोपऱ्यातला लघुलेखक हसला होता. पुन्हा तेच, बघ. अधिकाऱ्यांनी रुमालातून विचारलं, "खोटं का बोललात?"

"वाक्य चांगलं होतं म्हणून."

"हेच लिहू?"

"हेच लिहा."

त्यांनी लिहिलं. त्याखाली मी सही केली, आणि छातीवरून कोणी जातं उचलावं तसं झालं.

दिलवरसिंग आला. सकाळी त्याची बदली अक्राणीच्या डोंगरात झाल्याचा कागद त्याच्या हातात पडला होता. तो त्याने घडी करून टोपीत ठेवला आणि नवरी-घोड्यासकट सगळं सांगितलं. खुर्चीतल्या साहेबाने विचारलं, "कुंकू होतं हे दोन वर्षांनी कसं आठवतं?" तो म्हणाला, "साहेब, आपल्या जीपमध्ये कोणी कोरे हात घेऊन बसलं की लक्षात राहतं."

जसोदाबाई शेवटी. पदर डोक्यावर, हातात पितळी कुयरी. अधिकारी म्हणाले, "बाई, हे काय?"

"हयद-कुंकू शे. तुमीच इचारतस ना, कोठे लायं? तर दाखाडसू." आणि कोणी काही म्हणायच्या आत टेबलाला वळसा घालून त्यांनी अधिकाऱ्यांच्या कपाळाला बोट टेकवलं. "असं. आठे. नोटासले नही."

खोलीत कोणी हसलं नाही. अधिकाऱ्यांनी ते पुसलंही नाही. पुढचा अर्धा तास ते तसेच बसून लिहीत होते, सर्दीने लाल नाक आणि वर ते कुंकू. निघताना मी पाहिलं, आरशासमोर उभे होते, पण रुमाल खिशातच होता.

काय ठरेल माहीत नाही. ते म्हणाले, अहवाल वर जाईल. वर कोण बसतं ते तुला माहीत आहे. मी उद्याच्या गाडीने परततो.

पितांबर

---

शहादे,
ता. १२ मार्च १९६५

प्रिय शांतीलाल,

तुझी तार सरलाच्या हातात पडली. "चौकशी रद्द. धुळ्याला परत त्याच कामावर. शांतीलाल." तिने ती उभ्याने वाचली, मग खाली बसून वाचली, मग शेजारी पाठवली, आणि परत आल्यावर भिंतीला टेकलेला पाट पुसून माळ्यावर ठेवला. चार महिन्यांनी मी स्वयंपाकघरात ठेच न लागता गेलो.

इकडची हकीकत. साप्ताहिकाने माझं सदर बंद केलं आणि डोक्यावरचं "जे छापू ते खरे" बारीक टाइपात पानाच्या तळाशी नेलं. ही सुधारणा माझ्यामुळे झाली याचा मला थोडा अभिमान आहे. शाळेने एक वेतनवाढ रोखली. कोर्टाकडून खोट्या साक्षीबद्दल खुलासा मागवणारा कागद आला. खुलासा एका ओळीचा होता, लिहून पाठवला, आणि विशेष म्हणजे त्या रात्री झोप चांगली लागली. ओव्हरसिअरची बदली झाली, बढतीवर, म्हणजे आता त्याला पकडायची परवानगी आणखी वरच्याकडे मागावी लागेल. तू येतोसच आहेस, तर मागत राहा. तुमच्या जीपला टायर मिळाले का? दिलवरसिंगचं पत्र आलं, डोंगरात रस्ताच नाही, त्यामुळे जीपही नाही, त्यामुळे मजेत आहे म्हणतो. त्याच्यासाठी तुझ्याकडून काही झालं तर बघ. ते मला जमणारं नाही.

नव्या ओव्हरसिअरने चुनीलालचा अर्ज शोधला. तो पहिल्याच फायलीत होता. परवा मी कळसाडीला गेलो तर बांधावरूनच इंजिनाचा ठोका ऐकू आला. तापीचं पाणी पन्हाळातून कपाशीच्या रिकाम्या रानात पडत होतं, पुढच्या उसासाठी. चुनीलाल पायाने माती ओढून पाणी वळवत होता. मला बघून तो या वेळी निघून गेला नाही. "मास्तर, जोडे काढा," म्हणाला, "पानी शे."

सकाळी चहा आला. कपाखाली बशी होती. जुनीच, फुटलेली नव्हती. मी बशीत ओतून फुंकर घालेपर्यंत सरला दारात उभी राहिली.

सोबत एक छोटं पार्सल आहे, तिनेच कापडात शिवलंय. पंचनाम्यावर सही करायला मी तुझ्याकडून पेन घेतलं होतं. ते खिशात घालून घरी आणलं, त्याच पेनाने ते सदर लिहिलं, आणि चौकशीतली सहीही त्याचीच आहे. निब थोडी घासली आहे, बाकी ठीक. धुऊन, कोरडं करून ठेवलंय.

या ओळी पेन्सिलीने लिहितो आहे.

तुझा,
पितांबर